गल्लीतली लाईट कधी घालवायची

"मॅडम, काय वाट्टेल ते करा, पण आमच्या गल्लीची लाईट घालवू नका. आमची मंडळी मशीनवर हाय."

आवाज वयस्कर होता, पण थरथरत नव्हता. त्याच्यामागे कसलीशी घरघर ऐकू येत होती. मी सबस्टेशनच्या व्हरांड्यात उभी होते. सांगलीत कृष्णेचं पाणी परवापासून चढत होतं आणि आता नदीकाठच्या खालच्या गल्ल्यांत शिरलं होतं. त्या भागातली एकेक गल्ली बंद करत जायचं काम माझ्याकडे होतं.

"कोण बोलताय?"

"सुभेदार जगताप. रिटायर. घाटाकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ऱ्हातो."

"मशीन कसलं?"

"ऑक्सिजनचं. तिची फुप्फुसं कामातनं गेल्यात. लाईट गेली की मशीन बंद. मशीन बंद झालं की..."

मी वीज कंपनीत सहायक अभियंता आहे. माहेर लोणंदचं, नोकरी मात्र बरीच वर्षं सांगलीत. पूर आला की लोक आम्हाला एकच प्रश्न विचारतात, आधीच हाल चाललेत, त्यात लाईट का घालवता? उत्तर सोपं आहे. घराचा मीटर बहुतेक वेळा तळमजल्यावर, जिन्याखाली नाहीतर पार्किंगमध्ये असतो. पाणी त्या पेटीला लागलं की करंट पाण्यात उतरतो. मग त्या पाण्यात पाय घालणारा माणूस असो की म्हैस, वाचत नाही. करंट पाण्यात दिसत नाही. म्हणून पाणी पेटीपर्यंत यायच्या आत आम्ही लाईट बंद करतो.

समुद्रकाठच्या शहरावर वादळ धावून येतं म्हणतात. सांगलीचा पूर धावून येत नाही, चढत येतो. पाऊस तिकडे महाबळेश्वरला, कोयनेच्या डोंगरात कोसळतो. इथे कधीकधी ऊनही पडलेलं असतं. मग धरणातून पाणी सोडल्याची बातमी येते, कऱ्हाडला नदी फुगते आणि आमच्याकडे माणसं पुलावर जाऊन पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बघायला लागतात. म्हणजे वेळ मिळतो. त्या वेळेचं काय करायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

मागच्या मोठ्या पुरात आमच्या हातात फारसं काही नव्हतं. आमचं सबस्टेशनच पाण्यात गेलं होतं. अख्खा भाग एकदम बंद करावा लागला आणि पाणी ओसरल्यावरही कितीतरी दिवस अंधार होता. त्याच पुरात आमचा संपत नावाचा वायरमन गेला. लाईन आम्ही बंद केली होती. पण एका घरात जनरेटर चालू होता आणि तो घराच्या वायरिंगलाच जोडला होता. त्याचा करंट उलटा फिरून खांबावर आला. संपतने बंद लाईनला हात लावला, ती बंद नव्हती.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. सबस्टेशनची पॅनेलं उंच ओट्यावर घेतली. प्रत्येक गल्लीला स्वतंत्र डीपी दिला. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या खांबाला खाली एक दांडा असतो. तो ओढला की तेवढीच गल्ली बंद होते, बाकीचं गाव चालू राहतं. तिसरं काम सगळ्यांत किचकट होतं. घरोघरचे मीटर तळमजल्यावरून उचलून पहिल्या मजल्याच्या जिन्यात न्यायचे आणि तळमजल्याच्या वायरिंगला वेगळा स्विच देऊन तोही वर बसवायचा.

कंपनीला कुणाच्या जिन्यात जबरदस्तीने पेटी ठोकता येत नाही. लोकांची संमती लागते. घाटाकडच्या गल्लीत सगळ्यांत आधी शहनाजभाभी तयार झाल्या. त्या पहिल्या मजल्यावर शिवणकाम करतात. त्यांनीच बाकीच्या बिऱ्हाडांना तयार केलं. मग बघता बघता गल्लीतल्या सगळ्या इमारतींचे मीटर वर गेले. एक राहिली. भाभींच्या शेजारची. तिथले सेक्रेटरी घोरपडे मला म्हणाले होते, "मॅडम, नवीन रंग दिलाय आम्ही जिन्याला. तिथं पेट्या कशा दिसतील? आणि पूर काय दरवर्षी येतोय होय? मीटिंग घेतो, कळवतो."

ती मीटिंग कधी झालीच नाही.

सुभेदार जगताप त्याच इमारतीत राहत होते.

"सुभेदारसाहेब, तुमच्या पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलंय?"

"पेटीच्या खाली हातभर असंल. मी जिन्यातनं बघतोय."

"काल बाहेर पडायची दवंडी फिरली. तेव्हाच का नाही निघालात?"

"मागल्या बारीला पाणी पयल्या मजल्यालाबी शिवलं न्हवतं. आन् हिला जिना उतरवणार कसं? चार पायऱ्या उतरली की धाप लागती." मग जरा थांबून म्हणाले, "चुकलं आमचं. पण आता काय ते सांगा."

घरी सिलिंडर आहे का, विचारलं. एक छोटा होता, निम्मा संपलेला. पेशंटला बोटीतून न्यावं लागेल असा निरोप मी आपत्ती कक्षाला दिला. तिकडून सांगण्यात आलं, बोटी वरच्या अंगाला अडकल्यात, दुपार होईल.

तेवढ्यात आमच्या कार्यकारी अभियंता साहेबांचा फोन आला.

"शिंदे मॅडम, घाटाकडची गल्ली अजून चालू कशी?"

मी परिस्थिती सांगितली.

"मला वाईट वाटतंय. पण पेटीला पाणी लागलं तर एका माणसासाठी दहा माणसं जातील. बंद करा."

"सर, एकाच इमारतीचे मीटर खाली आहेत. तेवढी इमारत खांबावरून तोडते. बाकीची गल्ली चालू राहील. पेशंटला शेजारच्या इमारतीतून वायर देता येईल."

"खांबावर चढणार कोण? तिथं पाणी किती?"

"कमरेएवढं."

 संपतच्या घरी जाऊन बातमी सांगायचं काम त्या वेळी साहेबांवरच आलं होतं.

"माणूस स्वखुशीने जात असेल तरच," ते म्हणाले. "आणि हातभराचं वीतभर झालं की काही ऐकणार नाही मी."

मी जीप घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथला रस्ता उंचावर आहे, डीपी कोरड्यात होता. तिथून पुढे मात्र गल्ली उतरत गेलीय. पाणी गढूळ, वर तेलाचा तवंग, प्लास्टिकच्या खुर्च्या तरंगत होत्या. वरच्या मजल्यांवरून माणसं गॅलरीत उभी राहून बघत होती. कुणी ओरडत नव्हतं. पुराच्या पाण्याशेजारी माणसं हळू बोलतात, हे मी दरवेळी पाहिलंय.

मारुती वायरमन माझ्याबरोबर होता. वाळवा तालुक्यातला, मितभाषी माणूस. संपतचा जोडीदार. दोघं एकाच शिडीवर काम शिकलेले. त्याला काय करायचं ते सांगितलं. त्या इमारतीसमोरच्या खांबावरून तिची सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात जाणारी वायर, सोडवायची.

"नको वाटत असेल तर तसं सांग. मी साहेबांना सांगते आणि सगळीच गल्ली बंद करते."

त्याने गल्लीत बघितलं. "जातो. पण मॅडम, समदी गल्ली बंद झाल्याबिगर हात लावायचा न्हाई मी."

"मीही लावू देणार नाही."

मी शहनाजभाभींना फोन केला. त्यांच्या आणि सुभेदारांच्या इमारतीत जेमतेम हातभर बोळ आहे.

"भाभी, तुमच्या घरातून शेजारी एक वायर द्यायचीय. जगताप काकूंच्या मशीनला."

"देते की. तुम्ही फक्त कशी द्यायची ते सांगा."

"लांब एक्स्टेन्शन बोर्ड आहे?"

"शिलाई मशीनचा आहे. पण आम्ही पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. पुरणार नाही. वरच्यांच्या घरातून देते, ते गावाला गेलेत, चावी माझ्याकडे आहे."

मग सुभेदारांना समजावलं. भाभींचा बोर्ड खिडकीतून आत घ्यायचा. मशीनचा प्लग थेट त्याच बोर्डात लावायचा. घरातल्या कुठल्याही सॉकेटशी त्या बोर्डाचा संबंध येऊ द्यायचा नाही. संबंध आला तर करंट तुमच्या वायरिंगमधून खाली पाण्यात उतरेल. त्यांनी माझं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. फौजेतली सवय. त्या दिवशी ती सवय लाखमोलाची वाटली.

"आता मी सगळी गल्ली थोडा वेळ बंद करतेय. सिलिंडर लावा."

"लावला. करा बंद."

मी स्वतः दांडा ओढला. गल्लीतले पंखे, टीव्ही, फ्रिज, सगळ्याचा मिळून जो एक गुणगुणाट असतो तो थांबला. मग नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मारुतीने कमरेला दोर बांधला. दोराचं टोक आमच्या दोन माणसांनी धरलं. तो खांद्यावर शिडी घेऊन, काठीने तळ चाचपत पाण्यात उतरला. खांबापाशी पोचल्यावर शिडी टेकवली, वर चढला आणि तारेला टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब. लाईन बंद असेल तर तो पेटत नाही.

बल्ब पेटला.

मंद, पिवळा, पण पेटला. मारुतीने हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं. 

 दांडा माझ्याच हाताने ओढलेला होता. मी कान दिला. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा गच्चीवर जनरेटर धडधडत होता. आम्ही लाईट बंद केल्याबरोबर कुणीतरी तो चालू केला होता.

"मारुती, खाली उतर! शिडीवर थांबू नकोस!"

मी भाभींना फोन केला. त्या गॅलरीत आल्या आणि त्यांनी असा आवाज दिला की माझ्यापर्यंत फोनशिवाय पोचला. "ओ दादा, जनरेटर बंद करा! खांबावर माणूस आहे! बंद करा!" मग समोरच्या गॅलरीतून कुणी ओरडलं, त्याच्या पुढच्याने ओरडलं. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून तो निरोप गल्लीच्या टोकाला गेला. धडधड थांबली.

मारुती परत वर चढला. लॅम्प लावला. पेटला नाही. तरी त्याने तारा जमिनीला जोडणारी साखळी अडकवली, म्हणजे पुन्हा कुणी जनरेटर लावला तरी करंट जमिनीत जावा. मगच त्याने पक्कड काढली. संपतला साखळी लावायला त्या दिवशी सवड मिळाली नव्हती.

वायर सुटली. त्याने तिचं टोक गुंडाळून खांबाला बांधलं, साखळी काढली आणि आला तसा परत आला. ओल्या कपड्यांनी जीपला टेकून उभा राहिला. हात त्याने बगलेत दाबून धरले.

तोवर भाभींनी बोर्ड पडद्याच्या काठीला बांधून बोळापलीकडे दिला होता. मी दांडा वर केला.

सुभेदारांना परत लावलेला फोन कानालाच होता. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ती घरघर परत सुरू झाली.

"चालू झालं," सुभेदार म्हणाले. मग जरा वेळाने, "सिलिंडर बंद केलाय. शिल्लक ऱ्हायला पायजे."

साहेबांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, "मारुती वर आला का?"

त्यानंतर घोरपडेंचा फोन आला. चिडलेले होते. "सगळ्या गल्लीची लाईट आली, आमच्याच बिल्डिंगची का नाही? आमच्यावर काय राग आहे का?"

"घोरपडे साहेब, तुमच्या मीटरच्या पेटीला आत्ता पाणी लागतंय. जिन्यातून खाली वाकून बघा."

ते बघायला गेले असावेत. जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला, मग थांबला.  मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर जगताप काकू मशीनवर आहेत. सुभेदार एकटे आहेत. बोट आली की काकूंना खाली आणायला माणसं लागतील."

"माझ्या डोक्यावरच राहतात त्या," ते म्हणाले. "मशीनचा आवाज यायचा. मला वाटायचं मिक्सर लावतात."



दुपार उलटून गेल्यावर लष्कराची बोट आली. तिच्यावरचा हवालदार तरुण होता, पण डोळे जागून लाल झालेले. त्याने गल्लीत बघितलं आणि मान हलवली. पाणी आणखी चढलं होतं, त्यामुळे घरांना जाणाऱ्या वायरी बोटीतल्या उभ्या माणसाच्या डोक्याला लागतील इतक्या खाली आल्या होत्या.

"लाइन चालू है तो बोट अंदर नहीं जाएगी, मॅडम."

बरोबर होतं त्याचं. पण लाईन बंद केली की मशीन बंद. उरलेला सिलिंडर किती पुरेल ते कुणाला ठाऊक नव्हतं. बोटवाल्यांकडे भरलेला सिलिंडर होता, पण तो बोटीतच. बोट आत गेल्याशिवाय तो पोचणार नाही आणि लाईन बंद केल्याशिवाय बोट आत जाणार नाही.

मी सुभेदारांना फोन लावला. घोरपडे त्यांच्याकडेच बसले होते. मी म्हटलं, "आधी सगळी तयारी करून घेऊ. काकूंना खुर्चीवर बसवा, चादरीने बांधा, सिलिंडर हाताशी ठेवा. दाराबाहेर आणा. तयार झालात की मला सांगा. मग मी बंद करते. त्याच्या आधी नाही."

गल्लीतल्या प्रत्येक घराला भाभींनी गॅलरीतून बजावलं, आता जनरेटर कुणी लावायचा नाही.

थोड्या वेळाने सुभेदारांचा आवाज आला. "तयार."

"काकू काय म्हणतात?"

"काय म्हणणार? घाबरलीया. माझा हात सोडत न्हाई." मग आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, मी सरहद्दीवर ऱ्हायलोय. पण असं कधी झालं न्हवतं मला."

मी मारुतीला खूण केली. त्याने दांडा ओढला, लॅम्पने तपासलं आणि हात वर केला. बोट आत गेली.

बोट इमारतीच्या पार्किंगच्या तोंडाशी लागली. आतला जिना आम्हाला दिसत नव्हता. आम्ही डीपीजवळ उभे. फोन चालू होता, पण त्यातून नुसते जिन्यातले आवाज येत होते. "सावकाश." "भिंतीकडनं धरा." मग कुणीतरी घसरल्यासारखं झालं. मग घोरपडेंचा आवाज, "मी धरलंय, मी धरलंय, तुम्ही पुढं बघा." मध्येच एक आवाज यायचा, ओढल्यासारखा, खोल. तो काकूंचा श्वास होता. तो ऐकू येत होता तोवर बरं होतं. एकदा तो बराच वेळ आला नाही. मारुतीने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

मग हवालदाराचा आवाज आला. "लगाओ, यह वाला लगाओ." नवीन सिलिंडर लागला होता.

बोट परत आली तेव्हा काकू खुर्चीतच बसलेल्या होत्या. बारीक चणीची बाई. तोंडावर मास्क, पदर डोक्यावर नीट घेतलेला. त्या घाईतही तो कुणीतरी सावरून दिला असणार. सुभेदार गुडघ्यावर बसून त्यांचा हात धरून होते. घोरपडे पाण्यातून बोटीला हात लावून चालत आले होते, छातीपर्यंत भिजलेले. रुग्णवाहिका वर उभी होती. खुर्ची उचलताना काकूंनी मास्क जरा बाजूला केला आणि मला विचारलं, "शेजारणीला सांगितलं का कुणी? ती काळजी करत बसंल."

"सांगते," मी म्हटलं.

मग दांडा वर केला. गल्लीतली लाईट आली. एक इमारत सोडून.

काकू पुष्कळ दिवस दवाखान्यात होत्या. पूर ओसरल्यावर घरी आल्या. त्या आठवड्यातच घोरपडे ऑफिसात आले. मीटिंग झाली होती. सगळ्यांच्या सह्या होत्या.  मीटर वर गेले. जिन्याचा रंग जिथे खरवडला तिथे त्यांनी परत दिला, पण तो जुळला नाही.

थंडीत एके सकाळी सुभेदार जगताप माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मीटर तिच्या नावावर हाय," ते म्हणाले. "आता नाव बदलावं लागंल न्हवं?"

मला काय झालं ते कळलं. मी उठून उभी राहिले.

"घरीच गेली. झोपेत. मशीन चालूच होतं." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "सकाळी मीच बंद केलं."

नियमाने नाव बदलायला हवं. पण घाई नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तर मग ऱ्हाऊ द्या थोडं दिवस." आणि गेले.

आता दर वर्षी मी नदीकाठच्या गल्ल्यांतून फेरी मारते. पूर्वी विचारायचे, मीटर कुठे आहे? आता आधी विचारते, घरात कुणी मशीनवर आहे का, कुणाला जिना उतरवत नाही का? मग मीटरचं. अजूनही काही इमारतींचे मीटर खालीच आहेत. अजूनही मला ऐकवतात, पूर काय दरवर्षी येतोय होय?

पाणी कुणाला विचारून चढत नाही. मीटर मात्र प्रत्येकाला विचारून, मीटिंग भरवून, सह्या घेऊन चढवावा लागतो. त्याला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून मी उन्हाळ्यातच सुरुवात करते.